चीफसाहेब, बंपर रंगवू नका

प्रश्न खारघरहून आला आहे. थोडक्यात असा: "माझ्याकडे २००७ची पोर्शे बॉक्स्टर आहे. २.७ लिटर, पाच गिअरची मॅन्युअल, पासिंग जानेवारी २००८, एमएच-४३. मी दुसरा मालक, २०११पासून. ४१,००० किलोमीटर झालेत. मी बोटीवर चीफ इंजिनीअर होतो, त्यामुळे गाडी घरी आणि मी समुद्रात, असंच बरंच वर्षं चाललं. जे काम केलं ते वहीत लिहिलंय. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता त्या सीटमधून उठताना हात धरायला माणूस लागतो. विकायच्या आधी पुढचा बंपर रंगवून आणि टायर बदलून घेऊ का? किंमत किती सांगू? डीलरला देऊ की स्वतः विकू? एक एजंट म्हणतो, फॉर्मवर सह्या करून द्या, बाकी मी बघतो."

चीफसाहेब, शेवटचं आधी घेतो. कोऱ्या टीटीओ सेटवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, सह्या करून कुणालाही देऊ नका, एजंट कितीही ओळखीचा असला तरी. का ते पुढे येईलच. तोवर पेन खिशात राहू द्या.

आता बंपर. वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे. गेली २२ वर्षं मी जुन्या स्पोर्ट्स गाड्या उघडतोय, जोडतोय, आणि मालकाने विकायला काढली की मध्ये बसायचं कामही आपसूक गळ्यात पडतं. विकण्याआधी केलेल्या रंगकामाने गाडीची किंमत वाढलेली मी एकदाही पाहिली नाही. घसरलेली पाहिली आहे.

घोडबंदर रोडच्या एका गृहस्थांची पिवळी टू-सीटर होती. दगडांचे टवके दिसतात म्हणून त्यांनी बंपर रंगवायला दिला. पिवळा रंग जुळता जुळेना, म्हणून पेंटरने तो दोन्ही फेंडरपर्यंत ओढत नेला. काम सुरेख झालं होतं, खोटं कशाला बोलू. मग पुण्याहून गिऱ्हाईक आलं. पंचविशीतला मुलगा, पाठीला सॅक. त्याने सॅकमधून पेंट मीटर काढला. बंपर प्लास्टिकचा, त्यावर ते मीटर बोलतच नाही. त्याने फेंडरला टेकवला: २४०. दाराला: ११५. पलीकडच्या फेंडरला: २६०. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो हे त्याला पाठ होतं. तो काही बोलला नाही. खाली बसला आणि मोबाइलच्या टॉर्चने फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का ते बघायला लागला. गृहस्थ सांगतायत, "अरे बाबा, नुसते टवके होते रे." पण दाखवायला आता टवकेच उरले नव्हते! चहा पिऊन मुलगा गेला तो गेलाच.

तुमच्या बंपरवरचे टवके म्हणजे बंपर मूळचा असल्याचा दाखला आहे. गाडी नुसती धुवा, सकाळच्या उजेडात वीतभर अंतरावरून त्या टवक्यांचा फोटो काढा आणि जाहिरातीत पहिल्या पाच फोटोंत लावा.

कारण ही गाडी घेणारा माणूस वेगळा असतो. स्विफ्ट विकायला काढली तर पन्नास फोन येतात आणि त्यातला कुणीही ती घेऊ शकतो. तुमच्या बॉक्स्टरला फोन दोनशे येतील, त्यातले एकशे नव्वद "लास्ट किती?" विचारून गायब होतील, आणि खरोखर घेऊ शकणारे पाच-सात असतील. त्या पाच-सात जणांनी या मॉडेलचा सहा-सहा महिने अभ्यास केलेला असतो. कुठे काय बिघडतं हे त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक असतं. त्यांना एक दोष स्वतः सापडला की ते न सापडलेले दहा धरून चालतात. तेच तुम्ही सात दोष आपणहून सांगितले, तर ते मीटर बाजूला ठेवून गाडी बघायला लागतात.

तुम्ही तर यात मुरलेले. बोटीवरून उतरताना नव्या चीफला हँडिंग ओव्हर नोट्स देता ना? कुठला पंप झिरपतो, कुठला अलार्म उगाच वाजतो, कुठल्या व्हॉल्व्हला दोन आटे जास्त लागतात. गाडीच्याही तशाच लिहा. एक पान, तारीख घालून. ते पान जाहिरातीसोबत जाऊ द्या. जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या विक्रीत याहून जास्त काम करणारी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही.

टायरचं मात्र उलटं आहे. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. ३११७ असेल तर २०१७ सालचा ३१वा आठवडा. कमी चालवलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही आतून दगड झालेले असतात. नख रोवून बघा, रुततं का. आठ-नऊ वर्षांपलीकडचे असतील तर चारही बदला. खर्च पूर्ण वसूल होणार नाही, हे मान्य. पण त्या टायरवर उद्या एक अनोळखी माणूस तुमची गाडी चालवणार आहे, आणि कडक रबरावर ही गाडी खडखडते आणि ओल्या रस्त्यावर पाय सोडते. तुमच्या गाडीला १७ इंची रिम असतील तर पुढे २०५/५५ आणि मागे २३५/५० बसतात. चारही एकाच कंपनीचे घ्या. कडेला पोर्शेच्या मान्यतेचा एन हे अक्षर असलेले मिळाले तर उत्तम, पण त्यासाठी चार महिने थांबू नका.

आणखी दोन कामं करा, दोन्हींना पैसे जवळजवळ लागत नाहीत. या गाडीचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, जाळीमागे असतात. तिथे पाला साचतो आणि पावसात त्याचा चिखल होतो. गेल्या महिन्यात मी एका गाडीतून गुलमोहराच्या काटक्या, गुटख्याच्या चार पुड्या आणि एक अख्खं लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं. गाडी सिग्नलला का तापते म्हणून मालक वर्षभर हैराण होते. दुसरं, हूडचे, म्हणजे उघडत्या कापडी छताचे, ड्रेन. हूड अर्धवट उघडून थांबवला की मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जाण्याची भोकं दिसतात. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सारा, मग तांब्याभर पाणी ओता. मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर धार लागली पाहिजे. नाही लागली तर ते पाणी केबिनमध्ये सीटखाली जातं, तिथल्या इलेक्ट्रॉनिक डब्यात शिरतं, आणि मग एखाद्या सकाळी गाडी किल्लीच ओळखत नाही. नवी मुंबईच्या पावसात हे दरवर्षी तपासायला हवं. तुमच्या वहीत त्याच्या नोंदी असतील तर त्या पानांचे फोटो काढून ठेवा.

पेट्रोलही बघा. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. उभ्या गाडीत महिनोन्महिने पडलेलं पेट्रोल संपवून ताजं भरा, मगच लोकांना बोलवा.

आता इंजिन. गिऱ्हाईकांपैकी निम्मे पहिल्या पाच मिनिटांत "आयएमएस बेअरिंगचं काय?" असं विचारतील आणि लगेच पाच लाख उतरवायला बघतील. म्हणून हे नीट समजून घ्या. तुमच्या गाडीच्या आधीच्या पिढीत, म्हणजे ९८६मध्ये, आणि तुमच्याच पिढीच्या, म्हणजे ९८७च्या, २००५च्या सुरुवातीच्या गाड्यांतही इंजिनाच्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग लहान होतं. ते फुटलं की इंजिन संपायचं. २००६पासून पोर्शेने ते मोठं केलं. मोठं बेअरिंग इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बदलता येत नाही, पण ते जाण्याचं प्रमाणही फार कमी आहे. २००९च्या नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला. तुमची २००७ची, म्हणजे मोठ्या बेअरिंगवाली. हे एका वाक्यात सांगा आणि थांबा, वाद घालत बसू नका. त्यापेक्षा आता ऑइल बदला, जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा. धातूचे कण नसलेला फिल्टर हे या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. उलट कण दिसले, तर विक्री थांबवून आधी मला फोन करा.

दुसरा कागद संगणकाचा. मॅन्युअल गाडीत सगळ्यात मोठी भीती चुकीच्या गिअरची. पाचव्यातून चौथ्यात यायचं आणि हात चुकून दुसऱ्यात गेला, की चाकं इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. पेट्रोल तोडणारा लिमिटर तिथे काहीच करू शकत नाही. या गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, अशा घटना सहा टप्प्यांत नोंदलेल्या असतात, वरच्या टप्प्यातली शेवटची घटना इंजिनाच्या कितव्या तासाला झाली यासकट. पोर्शेचं डायग्नोस्टिक मशीन असलेल्या कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये तो रिपोर्ट छापून मिळतो. आणि त्याच रिपोर्टमध्ये तुमच्या आवडीची गोष्ट असते: रनिंग अवर्स. समजा १,२०० तास निघाले. ४१,००० भागिले १,२०० म्हणजे ताशी सरासरी ३४ किलोमीटर. आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये बरोबर बसणारा आकडा. मीटर मागे केलेल्या गाडीत ही सरासरी बारा-पंधरावर येते आणि चोरी उघडी पडते. ४१,००० हा आकडा ऐकून प्रत्येक जण मनात "मीटर पाडलंय" असंच म्हणणार आहे, त्यामुळे हा कागद तुमच्याकडे हवाच.

चेसिस नंबरवरूनही कुणीतरी हुशारी करेल. त्यातलं अकरावं अक्षर यू असेल तर गाडी जर्मनीत नाही, फिनलंडमध्ये उसिकाउपुंकीच्या कारखान्यात जोडलेली. एस असेल तर स्टुटगार्टची. बॉक्स्टर १९९७पासून तिथेही बनत होत्या आणि त्या कुठल्याही अर्थाने कमअस्सल नाहीत. एकाने माझ्यासमोर "फिनलंडची आहे, दोन लाख कमी करा" असं म्हटलं होतं. मालकाने शांतपणे विचारलं, "मग तुम्ही स्टुटगार्टचीच बघा ना." शेवटी त्याने ती फिनलंडचीच घेतली.

गाडी बघायला येणाऱ्याला सांगा, बॉनेटवर हात ठेवून बघा, इंजिन थंड आहे. आधी गरम करून ठेवू नका. जाणता माणूस गरम बॉनेट लागलं की पुढचं ऐकत नाही. खरं तर बॉनेटखाली डिकीच आहे आणि इंजिन सीटच्या मागे पोटात लपलेलं आहे, पण मुद्दा तुम्हाला कळला. नवखे गिऱ्हाईक पुढचं झाकण उघडतात, मग मागचं उघडतात, दोन्हीकडे डिकी बघून तुमच्याकडे बघतात. त्यांना मागच्या डिकीतलं ऑइलचं आणि कूलंटचं झाकण दाखवा, मजा येते. थंड स्टार्टला एकदा निळसर धुराचा झोत आला तर घाबरू नका. सिलिंडर आडवे असल्याने गाडी बरेच दिवस उभी राहिली की थोडं ऑइल आत उतरतं, तो धूर मिनिटभरात जातो. हे आधीच सांगून टाका. पांढऱ्या धुराचे ढग उठत राहिले आणि थांबेनात, तर मात्र ऑइल सेपरेटर गेलेला असू शकतो. तो विकण्याआधी बदला.

बॅटरी चार्जरवर ठेवा. ती पुढच्या डिकीत आहे आणि पुढच्या डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही! फ्यूज बॉक्समधून बाहेर ओढायच्या टर्मिनलला दुसरी बॅटरी लावून ते उघडावं लागतं. बेलापूरला एका गिऱ्हाइकासमोर मी हे करत बसलो होतो. चाळीस मिनिटं गेली, आणि त्या चाळीस मिनिटांत त्याचा घेण्याचा उत्साहही.

किंमत. तुम्ही आकडा विचारलाय, मी पद्धत सांगतो, कारण आकडा गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय सांगणारा माणूस एक तर डीलर असतो नाहीतर नातेवाईक. जाहिरातींतले भाव हे मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत. एकच गाडी आठ महिने त्याच भावाला दिसत असेल, तर तो भाव नाही हे बाजाराने आठ महिने सांगितलंय. विम्याची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, विसरा, तिचा या गाडीच्या बाजारभावाशी संबंध नाही. येत्या दोन वर्षांत नव्या मालकाला काय-काय करावं लागेल याची यादी करा: क्लच, सस्पेन्शनचे बुश, डिस्क, कूलंटचे पाइप. ज्याचं बिल वहीत आहे ते यादीतून खोडा. उरलेल्याचा खर्च तो तुमच्याकडून वळता करणारच आहे. तुम्ही आधीच तो धरून भाव लावला आणि यादी दाखवली, तर घासाघीस लाख-दीड लाखावर थांबते.

त्या यादीत एक ओळ सरकारी आहे. पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तुमची जानेवारी २०२३मध्ये संपली असणार आणि नूतनीकरण करून जानेवारी २०२८पर्यंत मिळाली असेल. परदेशातून पूर्ण बनून आलेल्या चारचाकीचं नूतनीकरण १५ वर्षांनंतर ४०,००० रुपये होतं. ऑगस्ट २०२५च्या केंद्राच्या नियमांनी २० वर्षांवरच्या अशा गाडीला ते ८०,००० केलंय. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. पुढचं नूतनीकरण वीस वर्षांच्या काठावर येतंय, हे जाणत्या गिऱ्हाइकाला कळतं. तुम्हालाही कळतं हे त्याला दिसू द्या. आणि कुणी दिल्लीतल्या जाहिराती दाखवून "तिथे ही निम्म्यात मिळते" असं म्हणेल. मिळते, कारण तिथे पेट्रोल गाडीवर वर्षानुवर्षे १५ वर्षांची टांगती तलवार आहे. तिथून एनओसी आणून, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून, इथल्या पासिंगला उभी केली की ती निम्म्यात राहत नाही. आणि तिचा इतिहास सांगणारी वही सोबत येत नाही.

वेळेचंही आहे. छत उघडणारी गाडी जुलैत कुणी घेत नाही आणि पितृपक्षात तर कुठलीच गाडी कुणी घेत नाही. दसरा ते पाडवा हा खरा हंगाम. मी म्हणेन, नवरात्रात जाहिरात द्या. दसऱ्याला घ्यायची म्हणून माणूस घाई करतो.

डीलरला द्यायची की स्वतः? डीलर थेट विकत घेणार असेल तर भाव कमी येणार. त्याला त्याच्या फरकावर १८ टक्के जीएसटी आहे, जागेचं भाडं आहे, आणि ही गाडी त्याच्याकडे सहा महिने पडून राहू शकते. तो लुबाडतोय असं नाही. पार्क अँड सेल, म्हणजे गाडी त्याच्याकडे उभी, विकली की पैसे, यात मात्र जपा. माझ्या एका ग्राहकाची गाडी अशी दोन महिने उभी होती. परत आणली तेव्हा मीटरवर ६०० किलोमीटर वाढले होते आणि उजव्या रिमला फुटपाथचा ओरखडा. कुणी चालवली? सगळे एकमेकांकडे बघत राहिले. देणारच असाल तर किलोमीटर लिहून घ्या, गाडी कुणी चालवायची ते लिहून घ्या. डीलर परिवहन खात्याचा अधिकृत असेल तर फॉर्म २९-सी भरून घ्या. १ एप्रिल २०२३पासून ही सोय आहे, त्याने गाडी ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी डीलरवर जाते. गुडघा साथ देत असेल तर माझं मत, स्वतःच विका. तुमच्या वहीबद्दल तुमच्याइतकं चांगलं बोलणारा सेल्समन मिळणार नाही.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी सातला, पाम बीच रोडवर, बेलापूरच्या किल्ला जंक्शनपासून वाशीकडे. ठाण्याचं गिऱ्हाईक "घोडबंदरला या" म्हणाला तर नाही म्हणा. मेट्रोच्या कामाने आणि खड्ड्यांनी त्या रस्त्यावर नवी गाडीही जुनी वाटते. आधी लायसन्सचा फोटो घ्या. जाताना तुम्ही चालवा, म्हणजे गाडी कशी चालवायची ते त्याला दिसतं आणि तोवर ऑइल तापतं. येताना तो. सायकलवाले आणि पळणारे असतात, कॅमेरेही आहेत, आणि दंडाचा मेसेज तुमच्याच मोबाइलवर येणार आहे. "अटल सेतूवर नेऊन बघूया का?" असं विचारणाऱ्याला १००ची मर्यादा आठवण करून द्या. एकट्याला गाडी देऊ नका, तो कितीही मोठ्या गाडीतून आलेला असला तरी.

आता कागद, म्हणजे ती सही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचं नाव, कायद्याच्या दृष्टीने तोच मालक, मग मधल्या काळात गाडी चार हात पुढे गेली असली तरी. एजंट कोऱ्या सह्यांचा सेट घेतो, गाडी ज्याला विकतो तो नाव न चढवता तिसऱ्याला विकतो, आणि तुम्ही खारघरमध्ये निवांत असताना नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या दाराशी येते. मी हे एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत जवळून पाहिलंय. अडीच वर्षं ते कोर्टाच्या चकरा मारत होते, गाडी कुठल्या रंगाची उरली होती तेही त्यांना माहीत नव्हतं.

म्हणून फॉर्म २९च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोन्हीवर घेणाऱ्याचं नाव-पत्ता आधी भरायचा, मग सही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, राज्याबाहेर असेल तर ४५ दिवसांत, आणि त्यासाठी फॉर्म २८ची एनओसी. अर्ज परिवहन पोर्टलवर होतो आणि ओटीपी नोंदलेल्या मोबाइलवर येतो. तुमचा तो नंबर २०११चा, कदाचित बंद पडलेला असेल, आधी तो बदलून घ्या. कधीकाळी कर्ज काढलं असेल तर आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे का पाहा. असला तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. ई-चलन सगळी भरा. एचएसआरपी पाटी लावलेली नसेल तर लावा, १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे आणि तिच्याशिवाय नाव ट्रान्सफर अडतं. पीयूसी ताजी असू द्या.

पैसे खात्यात आले की मगच किल्ली. मेसेज दाखवला म्हणजे पैसे आले असं नाही, स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये बघा. कुणी क्यूआर पाठवून "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला तर फोन ठेवा, स्कॅन करून पैसे जातात, येत नाहीत. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त घेऊ नका. आयकर कायद्यात त्याला मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच, तोही घेणाऱ्याला. टोकन घेतलंत तर पावती लिहा: किती, कुठल्या तारखेपर्यंत, सौदा मोडला तर परत की नाही. आणि ताबापावतीवर तारखेसोबत वेळ लिहा, "सकाळी ११.२०" अशी. त्या मिनिटानंतर गाडी त्याच्या ताब्यात होती हे दाखवायला तोच कागद असतो, पण नोंदणीत त्याचं नाव चढेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच, हे विसरू नका.

विम्याचं थोडं. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग घेणाऱ्याने १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. नो क्लेम बोनस मात्र तुमचा, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षांत नवी गाडी घेतलीत तर वापरता येतो. ५० टक्क्यांपर्यंत पोचला असेल तर सोडू नका. फास्टॅग काचेवरून काढा आणि बंद करा, नाहीतर नवा मालक गोव्याला जाईल आणि टोल तुम्ही भराल.

एक शेवटची गोष्ट, वरवर क्षुल्लक. या गाड्यांच्या चाकांना प्रत्येकी एक लॉक बोल्ट असतो, त्याचा वेगळा सॉकेट येतो. दोन वर्षांपूर्वी सगळं ठरलेला एक सौदा माझ्या लिफ्टवर दोन तास अडला होता. गिऱ्हाइकाला चाक काढून डिस्क बघायची होती आणि तो सॉकेट सापडेना. शेवटी मालकिणीने घरातून फोन करून सांगितलं की "तो लोखंडी तुकडा" त्या देवघराच्या खणात उदबत्तीच्या पुड्यांसोबत आहे. पाचपाखाडीहून रिक्षाने आला तो सॉकेट. म्हणून तुम्ही येत्या शनिवारी गाडी घेऊन वर्कशॉपला याल तेव्हा वही आणा, दुसरी किल्ली आणा आणि निघण्यापूर्वी तो सॉकेट आठवणीने डिकीत टाका. आदल्या रात्री येऊन गाडी इथेच लावलीत तर आणखी बरं, सकाळी थंड स्टार्ट मला स्वतःला ऐकता येईल.